बॉलला आधी कोण शिवलं

त्या दिवसांत आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि कडधान्यं जास्त असायची. अकरा काळे चणे या बाजूला, अकरा पांढरे वाटाणे त्या बाजूला आणि मधे एक बदाम. खाली बाबांनी आलेखाचे चार कागद चिकटपट्टीनं जोडून केलेलं मैदान, त्यावर पेन्सिलीनं मारलेल्या यार्डांच्या रेघा. बदाम म्हणजे बॉल. अमेरिकन फुटबॉलचा बॉल गोल नसतो, दोन्हीकडं निमुळता असतो, म्हणून बाबांनी आधी खारीक ठेवून पाहिली होती. पण ती एका जागी बसून राहायची. बदाम नीट घरंगळायचा. आई ताटं घेऊन यायची, टेबलाकडं बघायची आणि ताटं पुन्हा ओट्यावर नेऊन ठेवायची. "उसळीचे चणे आहेत ते," एवढंच म्हणायची, "खेळ झाला की परत द्या." आणि खरंच, शिकवणी संपली की मी दोन्ही टीम धुऊन भिजत घालायची आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्या कांदा-खोबऱ्याच्या रश्श्यात खायचो. घरात हीटरचा पंखा मधूनच घुरघुरत चालू व्हायचा, खिडकीबाहेर फ्रीवेचा न संपणारा आवाज, आणि या सगळ्यात बाबा मला विचारत असायचे, "पंट आहे. बॉल याच्या बुटाला लागला. आता कुणाचा?"

बाबा अमेरिकेत नोव्हाय नावाच्या गावी गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. आम्हाला नागपूरहून येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्यांचा विभाग बंद होणार असल्याचा कागद सगळ्यांच्या टेबलावर एकाच सकाळी आला. वर्ष संपेपर्यंत काम, मग नाही. इतरांची नोकरी जाणार होती. आमचा देशच जाणार होता, कारण आमचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला होता. नागपूरची पक्की नोकरी सोडून, कॉलनीत सगळ्यांकडून हारतुरे घेऊन आम्ही निघालो होतो. आमच्या घराण्यात इंजिनिअर झालेले बाबा पहिले, विमानात बसलेले पहिले, आणि आता परत पाठवलेलेही पहिलेच होणार, या भीतीनं ते वाळत चालले होते. बोलून दाखवत नसत. पण दाढी करताना ते एकेक इंग्रजी वाक्य पुटपुटायचे ते बाहेर ऐकू यायचं, आणि आई कणीक मळता मळता थांबायची.

कंपनीच्या दुसऱ्या विभागात एकच जागा होती. तिथला साहेब डेल. उंच, लाल चेहऱ्याचा, सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारणारा माणूस. बाबांना तो सिद्धार्थ न म्हणता सिड म्हणायचा. त्या जागेसाठी बाबांसकट चौघांचे अर्ज होते, आणि डेलनं चौघांनाही बायका-मुलांसह एका शनिवारी घरी गेम बघायला बोलावलं. बाबांनी हे कुलकर्णीकाकांना सांगितलं. काका पुण्याचे, आमच्या वीसेक वर्षं आधी आलेले, आम्हाला ग्रोसरीपासून लायसन्सपर्यंत सगळं दाखवणारे. ते म्हणाले, "सिद्धार्थ, ऐक माझं. इथं डिसिजन ऑफिसात होत नाहीत, टीव्हीसमोर होतात. टचडाउन काय, गोलसारखाच, कुणालाही समजतो. पण पंट आणि किकऑफमध्ये कन्फ्यूज झालास ना, की लगेच कळतं हा माणूस बाहेरचा आहे. मी माती खाल्लीय यार, म्हणून सांगतो." काका सहज बोलून गेले असतील. बाबांनी ते अभ्यासक्रम म्हणून घेतलं.

आमच्या घरात कुठल्याही संकटावर एकच औषध होतं, अभ्यास. आजोबांनी कंदिलापाशी बसून बाबांना शिकवलं, बाबांनी मला. जिथं जिथं आमच्यासाठी दार बंद होतं तिथं आम्ही पुस्तक घेऊन उभे राहिलो आणि दार उघडलं, हा आमचा अनुभव होता. त्यामुळं फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक असतं हे कळल्यावर बाबांच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी रंग आला. पुस्तक लायब्ररीत होतं, पण घरी न्यायला देत नसत. मग मी रोज शाळा सुटल्यावर तिथं जाऊन ते वहीत उतरवून काढायला लागले. मी पंधरा वर्षांची होते, शाळेत माझ्याशी कुणी बोलत नव्हतं आणि मीही कुणाशी बोलत नव्हते. लायब्ररीतली बाई मला रोज तेच पुस्तक काढून द्यायची आणि चष्म्यावरून बघायची. तिला काय वाटत असेल, कुणास ठाऊक.

पुस्तक वाचताना डोक्याला मुंग्या यायच्या. एकच बॉल, तोच पाय, पण दोन लाथांचे कायदे वेगळे. किकऑफ म्हणजे खेळ सुरू करताना बॉल जमिनीवर टेकवून मारतात ती. ती दहा यार्ड गेली की मोकळी. जो झडप घालील त्याचा बॉल, मारणाऱ्यांचासुद्धा. पंट तसा नाही. बॉल पुढं न्यायला चार संधी मिळतात. तीन वाया गेल्या की चौथ्या वेळी टीम बॉल हातातून सोडून लाथेनं लांब उडवते, म्हणजे समोरच्यांना निदान लांबून सुरुवात करावी लागते. हा बॉल समोरच्यांचा. मारणाऱ्यांना तो आपला म्हणून घेता येत नाही. मात्र समोरच्यांपैकी कुणाच्या बोटाला, बुटाला नुसता लागून निसटला तरी तो मोकळा होतो. आणि उलट, मारणाऱ्यांपैकीच कुणी आधी शिवलं आणि बॉल त्याच्या हातात थांबला नाही, तर खेळ चालूच राहतो. समोरचा तो उचलून बिनधास्त पळू शकतो. पळताना त्याच्या हातून सुटला आणि मारणाऱ्यांनी पटकावला, तरी त्याचं काही जात नाही. जिथं आधी शिवलं गेलं, तिथून बॉल परत त्याच्याच टीमचा. हा शेवटचा नियम आम्हाला चार दिवस छळत होता. बाबा बदाम सरकवायचे, चणा त्याला लावायचे, वाटाणा घेऊन पळायचे आणि मधेच थांबून म्हणायचे, "पुन्हा वाच."

एका संध्याकाळी मी तो पुन्हा वाचला आणि बाबा एकाएकी हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आधी कोण शिवलं, कुठं शिवलं, शिवलं तर कुणाचं काय बिघडलं," ते म्हणाले. "शिवण्यावरून इतके नियम मी फक्त आमच्या गावच्या विहिरीवर पाहिले होते. तेही तोंडपाठ होते मला." आई ओट्यापाशी उभी होती. ती हसली नाही. "अहो," ती म्हणाली, "त्यांना ब्रेक तपासणारा माणूस पाहिजे का लाथा तपासणारा?" बाबा म्हणाले, "तुला नाही समजत. ही आपली चौथी वेळ आहे." दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा माळ्यासारख्या उंच कपाटातल्या बॅगा खाली उतरवलेल्या होत्या आणि आई ओल्या फडक्यानं त्या पुसत होती. "धूळ बसली होती," ती म्हणाली. दोघींनाही माहीत होतं की त्या बंद कपाटात धूळ बसतच नव्हती.

शनिवारी सकाळपासून घरात तळणीचा वास होता. आई सांबारवड्या करत होती. नागपूरकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात; तिच्या चार-पाच जुड्या निवडून, खसखस-खोबऱ्याचं सारण भरून, पारीत गुंडाळून तळलेल्या त्या वड्या आमच्याकडं फक्त मोठ्या दिवशी होतात. बाबांनी निळा शर्ट काढला. जयंतीच्या दिवशी, परीक्षांना, व्हिसाच्या मुलाखतीला, आयुष्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या दिवशी त्यांनी निळंच घातलं होतं. मी स्वतः तो शर्ट इस्त्री केला. गाडीत बसल्यावर बाबांनी शेवटची सूचना दिली, "सुजाता, तिथं आपण मधे बोलायचं नाही. कुणी विचारलं तर मी बोलेन." मी हो म्हटलं. माझ्या मांडीवर वड्यांचा डबा होता आणि त्याचा चटका जीन्समधून लागत होता.

डेलनं दार उघडलं आणि आत सगळं हिरवंगार. हिरवे झेंडे, हिरव्या टोप्या, कुत्र्याच्या गळ्यात हिरवा रुमाल. सगळ्यांची नजर बाबांच्या शर्टावर गेली आणि मग हास्याचा जो काही स्फोट झाला! "सिड!" डेल ओरडला, "शत्रूचा झेंडा घेऊन माझ्या घरात?" त्या दिवशी समोरची टीम निळी होती. सबंध वही भरून आम्ही नियम उतरवले होते. डेलची टीम कुठल्या रंगाची, हे विचारायचं आमच्या तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. बाबा हसले, म्हणजे त्यांनी दात दाखवले. डेल आतून एक हिरवा स्वेटशर्ट घेऊन आला आणि सगळ्यांच्या टाळ्यांत बाबांनी तो शर्टावरून चढवला. तो त्यांना गुडघ्यांच्या जरा वर येत होता. गळ्यापाशी निळी कॉलर बाहेर राहिली होती, ती बाबांनी बोटानं आत सारली. ते मी पाहिलं आणि आईनंही पाहिलं.

डेल वाईट माणूस नव्हता, हे मला इथंच लिहायला हवं. त्यानं सांबारवड्या केचपला लावून सहा खाल्ल्या आणि आईला त्यांचं नाव तीनदा विचारलं. त्याच्या बायकोनं मला आपल्या शेजारी बसवलं. बाबांनीही सुरुवात बरी केली. किकऑफला ते "छान किक" म्हणाले, कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि आईचा खांदा जरासा खाली आला. मी चिलीचा, म्हणजे त्यांच्या खिमा-राजम्याच्या रश्श्याचा, वाडगा हातात धरून बाबांकडंच बघत होते. ते सोफ्याच्या कडेवर बसले होते, ढगळ बाह्या दुमडलेल्या, आणि त्यांचे ओठ हलत होते.

मग हिरव्यांनी पंट केला. बॉल उंच गेला, पडला आणि वेडावाकडा घरंगळत निळ्यांच्या टोकाकडं जायला लागला. एक हिरवा धावत आला, त्यानं बॉलवर हात टाकला, बॉल त्याच्या हाताला लागून निसटला. मागून एका निळ्यानं तो उचलला आणि पळत सुटला. पाच-सात पावलांवर कुणीतरी त्याला असं धडकलं की बॉल हवेत उडाला आणि एका हिरव्यानं त्यावर अंग टाकलं. डेलचं घर नाचायला लागलं. "आपला बॉल! आपला!" कुत्रा भुंकत होता, कुणाची तरी कोकची बाटली कलंडली. आणि माझ्या डोळ्यांसमोर आलेखाचा कागद होता, चणा, बदाम, वाटाणा. चार दिवस छळणारा तोच नियम. मला राहवलंच नाही. मी इंग्रजीत म्हटलं, "नाही, बॉल निळ्यांचाच आहे. हिरवा आधी शिवला होता."

आवाज खाली आला. डेल हसून म्हणाला, "नाही गं बाळ. त्याच्या हातून सुटला, आपण घेतला. आपला." मी म्हटलं, "पंटमध्ये तसं नसतं." माझा आवाज चिरकला होता. डेल बाबांकडं वळला. "काय सिड? तुझी मुलगी मला नियम शिकवतेय. तू सांग, बॉल कुणाचा?" बाकीचे तिघे अर्जदार आपापल्या बायकांशेजारी बसून बाबांकडं बघत होते. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं. त्यांना माहीत होतं, माझ्याइतकंच पक्कं माहीत होतं. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि म्हणाले, "तुमचाच असणार. मला यातलं काही कळत नाही." आणि जरा थांबून, हसून, "ती लहान आहे. तिचा गोंधळ होतो."

मी आजवर बरंच काही ऐकून घेतलं आहे. नोकरीत, शेजारात, एकदा तर कोर्टात. पण त्या दोन वाक्यांनी मला जे झालं तसं पुन्हा कधी झालं नाही. खरं ते मान ताठ ठेवून बोलायचं, हे मला ज्या माणसानं चालायला शिकवायच्या आधी शिकवलं, तो माणूस दुसऱ्याच्या स्वेटशर्टात बसून माझ्यावर हसत होता. तेवढ्यात टीव्हीवर पंचानं हात करून निर्णय सांगितला. आधी हिरवा शिवला, बॉल निळ्यांचा. घरात एकच कण्हणं उठलं. डेलनं पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग हळूहळू माझ्याकडं वळला. "तुला गं हे कुठून माहीत?" मी "लायब्ररीत वाचलं" म्हणू शकले असते. ते खोटंही नव्हतं. तेवढ्यानं बाबा सुटले असते. पण मला त्यांना सोडवायचं नव्हतं. मी त्यांच्याकडं बोट केलं आणि म्हटलं, "बाबांनी शिकवलं. त्यांना सगळं पाठ आहे." ते रागानं म्हटलं होतं. कौतुकानं म्हटलं असं मी नंतर अनेकांना सांगितलं आहे, पण इथं खोटं लिहायचं नाही.

परत येताना गाडीत आईच्या मांडीवर रिकामा डबा होता आणि वळणावर त्याचं झाकण वाजत होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाबा समोर बघत म्हणाले, "तू बरोबर होतीस." मी म्हटलं, "मग तिथं का नाही म्हणालात?" सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला तरी गाडी हलेना, तेव्हा आई म्हणाली, "चला ना आता." घरी आल्यावर बाबांनी टेबलावरचं मैदान सोडवलं, चिकटपट्टी एकेक करून काढली आणि कागद घडी घालून कचऱ्यात टाकले.

मग रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. फोन आमच्या बैठकीत छोट्या स्टुलावर होता आणि आम्ही तिघंही त्याच्यापासून लांब लांब फिरत होतो. एकदा वाजला तो रॉंग नंबर होता. बाबांनी त्या माणसालाही "थँक यू" म्हटलं. आईनं बॅगांत तळाशी साड्या ठेवल्या आणि मग वर काही ठेवेना, झाकणही लावेना. मी अंथरुणात पडून एकच विचार करायची, की मी बोलले नसते तर. निदान शेवटचं तरी बोलले नसते तर. बाबांची नोकरी मी स्वतःच्या हातानं घालवली होती, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आणि वाईट म्हणजे, त्यांच्यावरचा राग तरीही जात नव्हता. बाबा जेवणाच्या टेबलाशी यायचेच बंद झाले. ताट घेऊन खिडकीपाशी उभ्यानं जेवायचे.

गुरुवारी दुपारी चारला फोन आला. बाबा उभे राहून "येस, येस डेल" म्हणत होते आणि मोकळ्या हातानं भिंत धरली होती. फोन ठेवून म्हणाले, "जानेवारीपासून." आई खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी रडले नाही. बाबांनीही माझ्याकडं पाहिलं नाही. आम्ही इथं राहिलो, माझं कॉलेज, माझं लग्न, माझी मुलं, सगळं त्या फोनवरून पुढं आलं. पण ती नोकरी कशी मिळाली यावर बाप-लेकीचं एकमत कधी झालं नाही. आम्ही त्यावर बोललोच नाही, तरी मला माहीत होतं. मला वाटायचं, मी खरं बोलले म्हणून मिळाली. बाबांना वाटायचं, ते वाकले म्हणून. घरात तो खेळ टीव्हीवर लागला की ते उठून गॅरेजमध्ये जायचे. माझी मुलं म्हणायची, "आजोबा हेट्स फुटबॉल."

गेल्या हिवाळ्यात बाबांची औषधं आणायला मी नोव्हायच्या फार्मसीत रांगेत उभी होते. आई गेल्यापासून मी दर महिन्याला जाते. पुढं काठी टेकत एक उंच म्हातारा होता. मला आधी ओळखू आला नाही, त्यानंच ओळखलं. "तू ती पंटवाली मुलगी!" डेल. आम्ही बाकावर बसलो. सांबारवडीचं नाव त्यानं पुन्हा विचारलं. मग सहज म्हणाला, "तुझ्या वडिलांच्या कागदावर मी आदल्या दिवशी, शुक्रवारीच सही केली होती. त्यांच्याइतकं ब्रेकचं काम कुणालाच येत नव्हतं. शनिवारी सांगणार होतो, पण बाकीचे तिघं समोर, त्यांच्या बायका, पोरं. कसं सांगणार? मग वरून शिक्का यायला गुरुवार उजाडला." तो शनिवार म्हणजे नुसता शनिवार होता. तो कशाची परीक्षा नव्हता. आम्हीच पाटी-पेन्सिल घेऊन जाऊन बसलो होतो.

हे बाबांना सांगायचं की नाही, याचा विचार करत मी बाबांच्या दारात गाडीत अर्धा तास बसून राहिले. मग आत गेले. ते टेबलाशी लसूण सोलत होते. मी औषधं ठेवली आणि सगळं सांगितलं, शुक्रवार, सही, शिक्का. बाबांनी हातातली पाकळी पूर्ण सोलली, वाटीत टाकली, बोटांना चिकटलेली सालं झटकली. हीटरचा पंखा चालू होऊन बंद झाला.

"म्हणजे तो हिरवा शर्ट मी उगाच घातला," ते म्हणाले.

मी म्हटलं, "जाऊ द्या ना बाबा."

त्यांनी दुसरी पाकळी उचलली, पण सोलली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्या दिवसासारखं सरळ माझ्याकडं पाहिलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही. "आणि तू लहान आहेस, तुझा गोंधळ होतो, असं म्हणालो," ते म्हणाले, "तेही उगाच."